अहवालातून गाळलेले पान

मित्रांनो, नाशिकच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये उभा असलेला मी एक जुना गॅसिफायर आहे. माझे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले नसेल. ज्यांनी ऐकले असेल, त्यांनी ते वाईटच ऐकले असेल. 'काड्यांवर इंजिन चालवायला निघाले होते आणि माणसाच्या जिवावर उठले,' एवढीच माझी कीर्ती. ते ऐकले की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून आज मी सगळे सांगणार आहे.

मी काय करतो ते आधी सांगतो. माणसाच्या उंचीचा एक लोखंडी पिंप डोळ्यांसमोर आणा. वरचे झाकण उघडून त्यात लाकडाचे वाळके तुकडे भरायचे, ते पेटवायचे आणि हवा मात्र बेताचीच द्यायची. हवा अपुरी पडली की लाकूड भडकून जळत नाही. त्यातून जळाऊ वायू निघतो. तो गाळून, थंड करून डिझेल इंजिनाला दिला की इंजिन थोडक्याच डिझेलवर चालते, बाकीचा भार माझा वायू उचलतो. पण हा वायू विषारी असतो. त्यातले विष डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. म्हणून माझी जागा उघड्यावर, जिथे चारी बाजूंनी वारा खेळतो तिथे.

माझा जन्म १९९६ सालचा. मला जिने घडवले ती साधना तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि याच कॉलेजात शिकवत होती. तिचे वडील पंचवटीत यजमानांची पूजाअर्चेची कामे करीत. घरात लोखंडाशी कोणाचा संबंध नव्हता, पण हिला लहानपणापासून शेगडी कशी पेटते, स्टोव्ह का भडकतो, असलेच प्रश्न पडायचे. एका एप्रिलमध्ये ती एसटीने दिंडोरीकडे गेली होती. द्राक्षबागांची खरड छाटणी चालू होती. बांधाबांधावर छाटलेल्या काड्यांचे ढीग रचून पेटवून दिले होते, आणि त्याच मळ्यांमध्ये विहिरीवरची डिझेल इंजिने धडधडत होती. जळण डोळ्यांदेखत राख होत होते आणि शेजारीच कॅनमधून आणलेले जळण ओतले जात होते. साधना परत आली ती डोक्यात मला घेऊनच.

नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत कुंदनचे छोटे वर्कशॉप होते. कुंदन वेल्डिंगमध्ये तरबेज, आणि तोंडाने फटकळ. माझ्या पोटात खालच्या बाजूला एक अरुंद गळा आहे. सगळा वायू त्या तापलेल्या गळ्यातून खाली जातो, आणि गळ्याचे माप चुकले की वायूत डांबर उरते. हे माप साधनाला सापडेना.

"मॅडम, तिसऱ्यांदा कापतोय हा गळा," कुंदन म्हणाला. "आता मला जेवतानाही हाच दिसतो."

"चौथ्यांदाही कापावा लागेल."

"मग माप आधीच नीट का नाही देत?"

"कारण ते अजून कोणालाच माहीत नाही, कुंदन. द्राक्षाच्या काड्यांसाठी कोणी काढलेलंच नाही. आपण तेच काढतोय."

त्या दिवसापासून कुंदनने कुरकुर सोडली. पाचव्या गळ्याला माझ्या नळीच्या तोंडाशी फिकट निळी ज्योत पेटली. दुपारच्या उन्हात ती दिसतसुद्धा नव्हती. कुंदनने कागद पुढे धरला तेव्हा तो भपकन पेटला, आणि साधना काजळीने माखलेल्या हातांनीच डोळे पुसायला लागली. मित्रांनो, संशोधन म्हणतात ते असे असते. भाषण करताना ते फार सोपे वाटते.

दोन वर्षांनी मला दिंडोरीजवळ चिमाजींच्या द्राक्षबागेत नेले. चिमाजींनी विहिरीजवळ चार खांब रोवून वर पत्रा टाकून दिला. भिंत एकही नाही. तिथे मला गोजराबाई भेटल्या.

गोजराबाई बागेत मजुरीला येत. माझ्यासाठी काड्यांचे बोटभर तुकडे करायचे काम त्यांना दिले होते. पण पंधरा दिवसांत त्या माझ्यासमोर उभ्या राहून साधनाला सांगू लागल्या.

"मॅडम, ह्या काड्या वल्या हायेत. नका घालू."

"वाळवल्या ना आठवडाभर?"

"आठवड्यानं काय व्हतंय? वरून वाळल्या, आतून वल्या. ही बघा." त्यांनी काडी वाकवली. ती वाकली, पण मोडली नाही. मग पत्र्याखालच्या जुन्या ढिगातली एक घेतली. ती कट्‌कन तुटली. "असा आवाज आला म्हंजे घालायची. तीन आठवडं लागत्यात."

साधनाने दोन्ही काड्या कॉलेजात नेऊन ओलावा मोजला. गोजराबाईंचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. त्यानंतर ती कामाला लागायच्या आधी गोजराबाईंना विचारू लागली. गोजराबाई चौथीत शाळा सोडलेल्या, जोडाक्षरे अडत, पण आकडे पक्के. तापमानाचा काटा, डिझेलची पातळी, काड्यांचे वजन, सगळे त्या एका लांबट वहीत लिहू लागल्या. डांबर कुठे जमते तेही त्यांनीच हुडकले. वायू गाळायला वाळू, काथ्या आणि भुसा यांचे थर असलेला फिल्टर होता. तो रोज धुतला तर इंजिन खुशाल चालायचे. एकदा मुद्दाम तीन दिवस धुतला नाही, तर चौथ्या दिवशी इंजिनाचा व्हॉल्व्ह चिकटून बसला.

एका सकाळी गोजराबाई माझे झाकण उघडून वाकल्या आणि त्यांना घेरी आली. उघड्यावर होत्या म्हणून दोन पावले मागे सरून सावरल्या. साधना धावत आली. त्याच दिवशी तिने वहीतले एक अख्खे पान लिहून काढले: गॅसिफायर बंद खोलीत कधीही ठेवू नये. झाकण उघडण्याआधी थांबावे. एकट्या माणसाने चालवू नये. फिल्टर रोज धुवावा. काड्या तीन आठवडे छपराखाली वाळवाव्यात. आणि शेवटी, डिझेलची बचत सरासरी पासष्ट टक्के.

पासष्ट टक्के! दोन छाटण्यांच्या काड्यांवर, ऊन-पावसात, शेतात चालून काढलेला आकडा. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे.

२००० साली साधनाने अहवाल पुरा केला. तिचे विभागप्रमुख वेणीमाधव सर तो घेऊन स्वतः बागेत आले. मोठे हुशार, बोलण्यात गोड. एका सरकारी योजनेत माझ्यासारखी बारा यंत्रे बसवायचे ठरत होते, आणि त्याचे श्रेय त्यांना हवे होते. ते माझ्याशेजारीच उभे राहून बोलत होते.

"साधना, हे पान कशाला? 'जिवाला धोका' वगैरे. वाचणारा घाबरेल."

"घाबरावंच, सर."

"आणि पासष्ट? वहीत एके ठिकाणी ब्याऐंशी दिसतंय."

"ते एकाच दिवशी, एक तास, इंजिनावर पूर्ण भार असताना."

"म्हणजे आलं होतं ना?"

"सर, एका तासाचा आकडा वर्षाचा कसा होईल?"

सर हसले. "रोज फिल्टर धुवा, तीन आठवडे काड्या वाळवा, दोन माणसं ठेवा... असं सांगितलं तर कोण घेईल तुझं यंत्र? पारंपरिक इंधनाला पर्याय द्यायचा तर लोकांना आधी उत्साह वाटला पाहिजे. बारकावे नंतर बघू." मग निघताना सहज बोलल्यासारखे म्हणाले, "जूनमध्ये तुला कायम करायचा प्रस्ताव आहे, लक्षात आहे ना?"

अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर माझा रंगीत फोटो. आत लिहिले होते, बचत ब्याऐंशी टक्के. ते पान नव्हते. काढून टाकल्याची खूणसुद्धा नव्हती. आणि संशोधक म्हणून साधनाचे नाव सरांच्या नावाखाली ठळक छापलेले होते.

साधना ती प्रत घेऊन बागेत आली. गोजराबाईंनी हात पदराला पुसून ती घेतली, माझा फोटो कौतुकाने पाहिला.

"फिल्टर रोज धुवायचा, ते लिवलंय ना, मॅडम?"

साधना तापमानाचा काटा बघू लागली.

"आन् बंद खोलीचं?"

"लिहिलंय," साधना म्हणाली.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या एका शब्दाने माझ्या आत काहीतरी तडकले. सरांवर माझा राग आहे, तो तुम्हाला समजेलच. पण माझा राग साधनावरही आहे. जिने एका गळ्यासाठी पाच वेळा लोखंड कापून घेतले, तिला एक वाक्य बोलता येऊ नये? जूनमध्ये ती कायम झाली. त्या दिवशी तिने बागेत पेढे आणले आणि माझ्याकडे पाहिलेही नाही.

बारा यंत्रे तयार झाली. ब्याऐंशी टक्के बचत होणार म्हणून डिझेलच्या टाक्या लहान घेतल्या. फिल्टर रोज धुवायचा असे कुठे लिहिलेच नाही म्हणून तो आकाराने निम्मा केला. चोरी होऊ नये म्हणून प्रत्येकाला पत्र्याची खोली बांधली, एक दार आणि एक हातभर खिडकी. माझ्या बारा भावंडांना असे कोंडले, आणि कोणी एकाने विचारले नाही की मूळ यंत्र कुठे आहे, ते कसे उभे आहे, ते कोण चालवते. दिंडोरीला येऊन गोजराबाईंशी दहा मिनिटे बोलले असते तरी पुरले असते! पण बाईला काय विचारायचे? अहवाल होता ना हातात, गुळगुळीत कागदाचा!

२००२ च्या फेब्रुवारीत नांदगावकडच्या एका गावात सावळीराम नावाचा माणूस असे एक यंत्र चालवत होता. काड्या आत अडकल्या. इंजिन थांबवून, दार लोटलेलेच असताना त्याने झाकण उघडले आणि सळईने काड्या ढोसायला वाकला. त्याची बायको सुलाबाई भाकरी घेऊन आली तेव्हा तो यंत्राच्या पायाशी पडला होता. तिने एकटीने त्याला ओढत बाहेर काढले. जीव वाचला. पण तो पहिल्यासारखा राहिला नाही. हात थरथरायचा, आणि माणसांची नावे त्याला आठवेनाशी झाली.

अपघाताच्या सरकारी कागदावर काय लिहिले गेले ठाऊक आहे? 'चालकाचे अज्ञान व निष्काळजीपणा.' ज्याला कोणी काही सांगितलेच नाही, तो अज्ञानी ठरला!

सुलाबाईने अर्जामागून अर्ज केले, तेव्हा कुठे चौकशी समिती नेमली गेली. समिती मूळ यंत्र पाहायला चिमाजींच्या बागेत आली. तीन साहेब, खुर्च्या मांडलेल्या, चहा झाला. साधना एका बाजूला उभी. वेणीमाधव सर परिषदेसाठी परगावी गेले होते. सुलाबाई सावळीरामला घेऊन आली होती. तो जमिनीवर बसून माझ्याकडे एकटक बघत होता.

मुख्य साहेबांनी गोजराबाईंना विचारले, "तुम्हाला कधी त्रास झाला नाही?"

"एकदा घेरी आली व्हती. पन हितं भिंत नाय ना. म्हनून वाचले. बंद खोलीत ठेवायचंच नाय हे."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय? कागदात लिवलंय की. फिल्टरचं बी लिवलंय. त्यांनी वाचलं नसंल, तर त्यात ह्या मानसाचा काय दोष?"

साहेबांनी अहवाल चाळला. पुढून मागे, मागून पुढे. "यात असं काहीही नाही, बाई."

"हाय. नीट बघा. मॅडमनी सोता सांगितलंय मला." गोजराबाई साधनाकडे वळल्या. "मॅडम, दावा त्यांना पान."

बागेत औषध फवारणारा पंप तेवढा चालू होता. साधना पुढे आली.

"पान नाही," ती म्हणाली. "मी लिहिलं होतं. ते काढलं गेलं. छापलेली प्रत हातात आली त्याच दिवशी मला कळलं. मी कायम होणार होते, म्हणून गप्प बसले. गोजराबाईंना मी खोटं सांगितलं."

"याला पुरावा?"

"वही आहे. त्यांच्याच अक्षरातली. पासष्ट टक्क्यांचा प्रत्येक दिवस तिच्यात आहे. आणि शेवटी ते पान, माझ्या सहीचं."

गोजराबाईंनी शेडच्या आढ्याला अडकवलेल्या पिशवीतून वही काढली. ती साहेबांच्या हातात दिली. साधनाकडे त्यांनी परत पाहिले नाही. सुलाबाई मात्र उठून साधनासमोर उभी राहिली.

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"हो."

"दोन वरसं?"

"हो."

सुलाबाई मागे वळली. तिने सावळीरामच्या काखेत हात घालून त्याला उठवले आणि त्याची टोपी नीट केली. ती शिव्या देती तर साधनाला सोपे गेले असते, असे मला वाटते.

'निष्काळजीपणा' हा शब्द शेवटी खोडला गेला, तेवढे एक चांगले झाले. बाकी काय झाले ते ऐका. बाराच्या बारा यंत्रे बंद करण्याचा हुकूम निघाला. खोल्यांच्या भिंती काढल्या असत्या, फिल्टर मोठे केले असते, दोन-दोन माणसांना गोजराबाईंकडे आठ दिवस शिकायला पाठवले असते, तर ती चालली असती. तेवढे कष्ट कोण घेणार? खोटे बोलण्यापेक्षा ते खोटे दुरुस्त करणे लोकांना जास्त जड जाते. साधनाचे संशोधन काढून घेतले आणि तिला पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवायला लावले. वेणीमाधव सर दुसऱ्या एका संस्थेचे संचालक झाले. होय, संचालक! ऊर्जेवर भाषणेही देतात म्हणे.

आणि मी? मला ट्रकमध्ये घालून कॉलेजच्या आवारात आणून टाकले. कॅन्टीनच्या मागे सात वर्षे पावसात उभा होतो. मुले माझ्या झाकणावर चहाचे कप ठेवायची. 'विषारी टाकी' म्हणून माझ्याकडे बोट दाखवायची. दिंडोरीत काड्या परत बांधावर जळू लागल्या, आणि लोडशेडिंगने लोक हैराण झाले तेव्हा तर डिझेल इंजिने आणखी वाढली. गॅसिफायरचे नाव काढले की शेतकरी हात जोडायचे. एका खोट्या आकड्याने किती वर्षे खाल्ली, त्याचा हिशेब कोणी मांडला आहे का?

२००९ साली मी भंगारात निघालो. यादीत माझे नाव वाचून साधना प्राचार्यांकडे गेली आणि मला मागून घेतले. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. तिने कुंदनला बोलावले. मला वाटले, आता मला रंग लावून पुन्हा पेटवणार.

"याला उभा काप," साधना म्हणाली.

कुंदन तिच्याकडे बघतच राहिला. "मॅडम, आपल्या हातानं?"

"अर्धा. वरपासून खालपर्यंत. गळा पूर्ण दिसला पाहिजे."

मित्रांनो, कापले जाताना वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही. आता मी कधीच पेटणार नाही. पण माझ्या आतले सगळे उघडे आहे. गळा, जाळी, फिल्टरचे थर, कडेला जमलेले जुने काळे डांबर, काहीही पुसलेले नाही. शेजारच्या भिंतीवर साधनाने वहीतले ते पान मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले. त्याखाली ते कोणी लिहिले, ते अहवालातून काढले गेले आणि ते माहीत असून कोण गप्प बसले, हेही लिहिले. स्वतःच्या नावासकट.

माझ्यासमोर साधनाने घेतलेल्या पहिल्या वर्गाच्या दिवशी तिने गोजराबाईंना आणले. सात वर्षांत त्या दोघी बोलल्या नव्हत्या. साधना तीनदा दिंडोरीला गेली, तेव्हा त्या यायला तयार झाल्या. चाळीस मुले-मुली उभी होती. गोजराबाईंनी फिल्टरचे थर दाखवले, काडी मोडून आवाज ऐकवला. मग भिंतीकडे बोट केले.

"हे काय लिवलंय ते वाचा, मॅडम. मोठ्यानं."

साधनाने वाचले. शेवटच्या ओळीला, स्वतःच्या नावाला, तिचा आवाज अडखळला, तरी तिने वाचले. गोजराबाई मान खाली घालून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "समदं हाय. पन ज्याच्यावर बेतलं त्याचं नाव कुठंय?"

साधनाने खडू घेतला. पानाच्या खाली तर जागाच उरली नव्हती. म्हणून तिने स्टूल ओढले, त्यावर चढली आणि सगळ्यात वर लिहिले: 'सावळीराम, नांदगाव तालुका. त्यांना हे पान कोणी दाखवले नाही.' पुढच्या आठवड्यात त्या अक्षरांवर रंग चढला.

मित्रांनो, तुम्ही उद्या माझ्यापेक्षा कितीतरी चांगली यंत्रे कराल. उन्हावर चालणारी, वाऱ्यावर चालणारी, अजून ज्यांना नावेही नाहीत अशी. जरूर करा, जगाला त्यांची गरज आहे. यंत्राला तेल द्या, गंजू देऊ नका, फिल्टर धुवा. पण त्याआधी एक करा. तुमच्या यंत्राला काय जमत नाही आणि ते कोणाला इजा करू शकते, ते पहिल्या पानावर लिहा. आणि तुमच्या नावाने छापलेल्या कागदातून ते पान कोणी काढले, तर त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, ओरडून सांगा. जून महिन्याची वाट पाहू नका.

कधी नाशिकला आलात तर मला पाहायला या. आधी भिंतीवरचे सगळ्यात वरचे नाव वाचा. मग माझ्याकडे वळा.